पट्टीची परीक्षा काचेत नको, कातडीवर हवी

फार्मसीच्या पदव्युत्तर प्रकल्पांची यादी कुठल्याही वर्षाची काढा, तिच्यात एक विषय हमखास सापडतो: अमुक औषधाचा ट्रान्सडर्मल पॅच, म्हणजे अंगाला चिकटवून त्वचेवाटे औषध देणारी पट्टी, तयार करणे आणि त्याचे मूल्यमापन. औषधाचे नाव बदलते, पॉलिमरची (पट्टी ज्याची बनते त्या लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांची) जोडी बदलते, बाकी सगळे तेच. कोल्हापूर, वारणानगर, गडहिंग्लज हा सगळा पट्टा फार्मसीच्या शिक्षणात पुढे आहे. इथली प्रयोगशाळा, इथली मुले आणि पालकांच्या खिशातून गेलेले पैसे पाहिले की विचारावेसे वाटते, त्वचेवाटे औषध देण्याच्या एवढ्या खटाटोपातून जिल्ह्यातल्या एका तरी रुग्णाच्या पदरी काही पडले का? पडले नसेल तर त्याचे कारण मुलांच्या कष्टात नाही. पट्टी चांगली की वाईट हे आपण काचेच्या भांड्यात ठरवतो, आणि ती वापरली जाते घामेजल्या, तेलकट, पावसात भिजलेल्या कातडीवर. परीक्षेची जागाच चुकली आहे.

आज चालते ती पद्धत अशी. एचपीएमसी, इथाइल सेल्युलोज, किंवा युड्रागिटचे आरएल १०० आणि आरएस १०० हे दोन प्रकार, असली पॉलिमरे क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात विरघळवायची. पॉलिमरच्या वजनाच्या १० ते ३० टक्के प्लास्टिसायझर, म्हणजे लवचिकपणा आणणारा पदार्थ, घालायचे, कारण त्याशिवाय सुकलेला पापुद्रा तडकतो. औषध मिसळून, बुडबुडे जाऊ देऊन द्रावण पेट्री डिशमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ बशीत, ओतायचे आणि द्रावक सावकाश उडावा म्हणून वर नरसाळे उपडे घालायचे. टेबल जरा जरी कलते असेल तर पापुद्रा एका कडेला जाड होतो आणि एका तुकड्यातले औषध दुसऱ्याशी जुळत नाही. नरसाळे न ठेवता घाईने सुकवले तर वर साय धरते आणि खाली बुडबुडे अडकतात. २४ तासांनी पापुद्रा सोलून चौकोनी तुकडे कापायचे, जाडी मोजायची, एकाच रेषेवर कितीदा दुमडल्यावर तो तुटतो ते पाहायचे, ओलावा किती धरतो ते पाहायचे. दुमडण्याचा आकडा ३०० च्या वर गेला की प्रबंधात समाधानाचे वाक्य येते. माणसाच्या दंडावर कुठलीही पट्टी एकाच रेषेवर ३०० वेळा दुमडत नाही. ती कडेने उचकटते, सरकते, घामाने सुटते. त्या आकड्यातून यातले काहीही कळत नाही.

याहून काळजीच्या दोन गोष्टी प्रबंधात क्वचितच दिसतात. पहिली म्हणजे पापुद्र्यात उरलेला द्रावक. क्लोरोफॉर्मची आंतरराष्ट्रीय मर्यादा दशलक्षात ६० भाग इतकी कडक आहे, मिथेनॉलची ३०००. नाकाला वास येत नाही म्हणजे द्रावक गेला असे होत नाही, त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. दुसरी म्हणजे प्लास्टिसायझरची निवड. डायब्युटाइल थॅलेट प्रजननाला घातक ठरू शकते म्हणून औषधांत ते टाळावे, असे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्येच सांगितले आहे. तरीही जुन्या प्रबंधातली कृती जशीच्या तशी उचलली जाते आणि ते कपाटातून पुन्हा बाहेर येते. ट्रायइथाइल सायट्रेट किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४०० हे पर्याय हाताशी असताना हा धोका घेण्याचे काही कारण नाही.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. या पापुद्र्याला चिकटपणा नसतो. तो अंगावर ठेवला तर पडतो.

बाजारातली खरी पट्टी म्हणजे थरांची रचना असते. पाठीला पॉलिस्टर किंवा पॉलिइथिलीनची फिल्म, तिच्याखाली औषधाचा थर, त्वचेला टेकणारे दाबाने चिकटणारे पॉलिमर, आणि वापरताना सोलून टाकायचा अस्तराचा कागद. आजच्या बऱ्याच पट्ट्यांत औषध थेट चिकट थरातच विरघळवलेले असते, म्हणजे तो एकच पॉलिमर औषध धरतो, सोडतो आणि अंगाला चिकटतोही. हे चिकट पॉलिमर मुख्यतः तीन घराण्यांतले: अॅक्रिलिक, सिलिकोन आणि पॉलिआयसोब्युटिलीन. कुठले घ्यायचे हे औषधाच्या स्वभावावर ठरते. अॅक्रिलिकमध्ये आम्लगट असलेला प्रकार घेतला आणि औषध अमाइन, म्हणजे अल्कधर्मी, असले, तर दोघे एकमेकांना धरून बसतात आणि औषध बाहेर यायला नकार देते. सिलिकोनमध्ये औषध फारसे मुरत नाही, त्यामुळे ते चटकन बाहेर येते, पण जास्त भरले तर स्फटिक होऊन बसते. शिवाय सिलिकोनच्या चिकट थरावर नेहमीचा सिलिकोन लावलेला कागद चालत नाही. दोघे एकजीव होतात आणि कागद सोलता येत नाही, तिथे फ्लोरोपॉलिमरचा लेप असलेले अस्तर लागते. पट्टीचे खरे शास्त्र या असल्या तपशिलांत आहे, आणि पेट्री डिशमधल्या पापुद्र्यात यातला एकही तपशील विद्यार्थ्यासमोर येत नाही.

औषधाच्या निवडीकडे वळू. त्वचेचा सर्वात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, पण भिंतीत विटा रचून मध्ये चुना भरावा तशी त्याची बांधणी आहे, आणि तो चुना स्निग्ध पदार्थांचा आहे. त्यातून जायचे तर रेणू लहान हवा, साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आत. तो तेलात आणि पाण्यात दोन्हीकडे थोडाफार विरघळणारा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रोजचा डोस थोडक्या मिलिग्रॅमचा हवा. १९७९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली पट्टी स्कोपोलामाइनची होती, प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची. तीन दिवसांत ती सुमारे १ मिलिग्रॅम औषध देते. पट्टीतून दिली जाणारी बाकीची औषधे पाहा: नायट्रोग्लिसरीन २२७ डाल्टन, निकोटीन १६२, इस्ट्राडायोल २७२, फेंटानिल ३३६, रिव्हास्टिग्माइन २५०, ब्युप्रेनॉर्फिन ४६७ च्या आसपास. चार दशकांनंतरही ही यादी लहानच आहे. जगात प्रयत्न कमी पडले असे नाही, त्वचा जाऊ देते तीच औषधे कमी आहेत.

आता एक हिशोब करू, जो प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी प्रत्येक मार्गदर्शकाने फळ्यावर करून घ्यावा. समजा औषध त्वचेतून ताशी दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोग्रॅम जाते. हा वेग बऱ्यापैकी चांगलाच धरला आहे. २४ तासांत २४० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२४ मिलिग्रॅम. तोंडावाटे रोज ५० मिलिग्रॅम लागणारे आणि त्यातले निम्मे रक्तात पोचणारे औषध घेतले, तर त्वचेतून २५ मिलिग्रॅम जायला हवे. २५ भागिले ०.२४, म्हणजे सुमारे १०४ चौरस सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद पट्टी रोज नवी लावायची. सर्व शरीरासाठी औषध देणाऱ्या बाजारातल्या बहुतेक पट्ट्या ४०-५० चौरस सेंटिमीटरच्या आत असतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी याच हिशोबात घातली तर पट्टी हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जाते, ए-फोर कागदाच्या दीडपटीहून मोठी. आणि पाण्यात इतके सहज विरघळणारे मेटफॉर्मिन त्वचेतून १० मायक्रोग्रॅमच्या वेगाने जाणारही नाही. दोन ओळींचे हे गणित सुरुवातीला केले असते तर कितीतरी प्रकल्प पहिल्याच दिवशी थांबले असते आणि त्या मुलांचे वर्ष दुसऱ्या कामी लागले असते.

असे प्रकल्प तरीही यशस्वी का दिसतात? कारण फ्रँझ सेलमध्ये, म्हणजे पडद्यातून किती औषध जाते ते मोजायच्या काचेच्या भांड्यात, त्वचेच्या जागी डायलिसिस मेम्ब्रेन किंवा सेलोफेन बसवलेले असते. वर पट्टी, मध्ये पडदा, खाली ७.४ सामूचे (पीएच) फॉस्फेट बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, चुंबकाने ढवळत राहायचे आणि ठरावीक वेळेला नमुना काढून तेवढेच ताजे बफर भरायचे. त्या पडद्याच्या छिद्रांतून औषध पाण्यासारखे जाते. आठ तासांत ऐंशी-नव्वद टक्के औषध खाली उतरले की निष्कर्ष लिहिला जातो की पट्टी त्वचेवाटे नियंत्रित प्रमाणात औषध देते. ही चाचणी वाईट नाही. एकाच जेलच्या दोन बॅचेस सारख्या आहेत का, हे ती उत्तम सांगते. पण त्वचेबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही, कारण त्वचा तिथे नाहीच.

त्वचा आणायची म्हटली तर अडचणी खऱ्या आहेत, पण सुटण्यासारख्या आहेत. उंदराच्या कातडीतून औषध माणसाच्या त्वचेपेक्षा बरेच जास्त जाते, त्यामुळे तिचे आकडे फसवे. डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या बरीच जवळची. ती मिळवताना एकच काळजी घ्यायची, जनावर उकळत्या पाण्यात घालण्याआधी कान काढलेला हवा, कारण त्या पाण्याने वरचा थर निकामी होतो. बोकडाचा कान वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. मुंडी भाजून घेतल्यावर मिळालेला कान प्रयोगाला उपयोगाचा नाही. पूर्ण जाडीची कातडी बसवली तर स्निग्ध औषध आतल्या थरात अडकून राहते, म्हणून डर्मॅटोमने (कातडीचे पातळ काप घेणाऱ्या साधनाने) २०० ते ५०० मायक्रोमीटरचा काप घ्यायचा, किंवा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात मिनिटभर धरून वरचा थर अलगद सोडवायचा. प्रयोगापूर्वी विद्युतरोध मोजून कातडीला भोक नाही याची खात्री करायची. पृष्ठभागाचे तापमान ३२ अंश ठेवायचे, कारण अंगाच्या आत ३७ असले तरी बाहेरची त्वचा तेवढी गरम नसते. खालच्या बफरमध्ये औषध विरघळायला भरपूर वाव हवा, आणि पडद्याखाली हवेचा एकही बुडबुडा नको. बुडबुड्याखालचे क्षेत्र मोजमापातून बाद होते आणि एकत्र लावलेल्या सहा सेलपैकी एखादा कारण न कळता मागे पडतो. पोटाच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेली मानवी त्वचा रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी घेऊन मिळू शकते. शहरात प्लास्टिक सर्जन आहेत, महाविद्यालये आहेत. दोघांमध्ये एक करार आणि एक उणे २० अंशांचा फ्रीजर लागतो, तेवढेच.

तरी आमच्या मते कोल्हापुरातून जगाला सांगण्यासारखे काही असेल तर ते चिकटण्याबद्दल आहे. चिकटलेल्या भागातूनच औषध जाते. अर्धी पट्टी उचकटली म्हणजे डोस जवळपास अर्धा झाला. पट्टी किती चिकटून राहिली हे मोजायची शून्य ते चार अशी साधी श्रेणी प्रचलित आहे: ९० टक्क्यांहून अधिक भाग चिकटलेला असेल तर शून्य, ७५ ते ९० ला एक, ५० ते ७५ ला दोन, निम्म्याहून कमी असेल तर तीन, पूर्ण पडली तर चार. एवढ्याने काम भागते. प्रयोगशाळेत पट्टी १८० अंशांत सोलायला किती बळ लागते, घरंगळणारी गोळी चिकट थरावर किती अंतरावर थांबते, हे मोजतात, आणि ते मोजावेही. पण पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर चांगले गुण मिळवणारी पट्टी शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे आठ तास उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीवर टिकेल का, हे पत्रा सांगणार नाही. मे महिन्यात उसाच्या फडात, जुलैमध्ये राधानगरीच्या झडीत, तालमीत तेल लावून घुमणाऱ्या पैलवानाच्या पाठीवर काय होते, हेही नाही. अंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावण्याची सवय इथे घरोघर आहे, आणि तेलाच्या थरावर कुठलेही पॉलिमर धरत नाही.

यासाठी औषध लागतच नाही. बिनऔषधाच्या पट्ट्या करून पाहता येतात. अॅक्रिलिक चिकट द्रावणात साधारण ४० टक्के घन भाग असतो. २०० मायक्रोमीटरचा ओला थर अस्तराच्या कागदावर फिल्म अॅप्लिकेटरने (ठरावीक जाडीचा थर ओढायच्या साधनाने) ओढला, तर सुकून ८० च्या आसपास राहतो. आधी पंधरा मिनिटे उघड्यावर, मग साठ-सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे, आणि वर पॉलिस्टरची फिल्म रोलरने दाबून बसवायची. सरळ ओव्हनमध्ये घातला तर फोड येतात. १० चौरस सेंटिमीटरच्या गोल पट्ट्या कापायच्या, कोपरे ठेवायचे नाहीत, कारण पट्टी कोपऱ्यातून सुटायला लागते. संमती घेऊन वेगवेगळ्या कामांतल्या लोकांच्या दंडावर, पाठीवर, छातीवर लावायच्या आणि २४, ४८, ७२ तासांनी श्रेणी लिहायची, त्वचा लाल झाली का ते लिहायचे. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. कडेला काळी रेघ येते का पाहायचे. चिकट थर दाबाने बाहेर वाहतो आणि त्यावर धूळ बसते तेव्हा ती येते, आणि तोच थर पाकिटात वाहिला तर पट्टी पाकिटालाच चिकटते. हा अभ्यास एका विद्यार्थ्याच्या वर्षात बसतो, त्याला महागडे यंत्र लागत नाही, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या देशातल्या वातानुकूलित खोलीत मिळणारे नाही.

साठवणुकीचेही असेच. पार्किन्सनच्या आजारावरची रोटिगोटिनची पट्टी अमेरिकेत मोठ्या कंपनीने, सगळ्या चाचण्या पार करून आणली होती. २००८ मध्ये ती मागे घ्यावी लागली, कारण ठेवल्या ठेवल्या पट्टीत औषधाचे हिमकणांसारखे स्फटिक धरू लागले. स्फटिक झालेले औषध त्वचेत जात नाही. सुधारून ती परत यायला २०१२ उजाडले. पापुद्रा तयार झाल्यावर आठवडाभरात सगळ्या चाचण्या उरकून प्रबंध बांधायला टाकला तर असला दोष दिसणारच नाही. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून दर महिन्याला ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक नजर टाकली, तर तो दिसण्याची शक्यता असते.

चिंचोका, भेंडीचा बुळबुळीत गर, कोळंबीच्या टरफलापासूनचे कायटोसान अशा नैसर्गिक पॉलिमरांची सध्या चलती आहे, आणि आपल्या भागातले काही वापरावे ही इच्छा चांगली आहे. चिंचोक्याची खळ कापडधंद्याला जुनीच माहितीची. पण खळीला चालणारी पूड आणि औषधाला चालणारा पॉलिमर यांत फरक आहे. प्रत्येक हंगामात गराची चिकणाई बदलते, त्यात जंतू वाढतात, आणि रेणूंची लांबी मोजल्याशिवाय मागच्या बॅचसारखे जेल पुढच्या वेळी होत नाही. हे मोजायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे. त्वचेत टोचून तिथेच विरघळणाऱ्या सूक्ष्म सुयांबद्दलही सध्या एवढेच म्हणू, की इन्सुलिनसारखे मोठे रेणू त्वचेतून न्यायचा तो खरा मार्ग दिसतो, पण पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनच्या सुया दमट हवेत टोक गमावतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाकिटच आधी सुधारावे लागेल.

लोकांच्या हातात रोज पडते ते पट्टी नव्हे, जेल. गुडघ्याला, खांद्याला, कंबरेला चोळायचे डायक्लोफिनॅकचे जेल प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. त्याचा पोत बहुधा कार्बोमर या पॉलिमरमुळे येतो: एक टक्क्याच्या आसपास पूड पाण्यावर हळूहळू भुरभुरवायची, काही तास भिजू द्यायची, नाही तर आत कोरड्या गुठळ्या राहतात. मग ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने घालून सामू साडेसहा-सातवर आणला की ते घट्ट होते. घट्ट झाल्यावर जोरात ढवळले तर हवा कोंडते. मीठ लागले की ते पातळ होते, म्हणून घामेजल्या अंगावर ते पटकन पसरते आणि ओघळतेही. आधी जागा पुसून कोरडी करावी ती याचसाठी.

खरी गडबड प्रमाणाची आहे. १.१६ टक्क्यांचे जेल मोठ्या माणसाने एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लावायचे असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली वळी साधारण अर्ध्या ग्रॅमची. म्हणजे एका गुडघ्याला चार ते आठ वळ्या. या हिशोबाने ३० ग्रॅमची ट्यूब दोन ते पाच दिवसांत संपायला हवी. घरोघर ती महिनाभर पुरते. वाटाण्याएवढे बोटावर घेऊन जोरात चोळायचे आणि चोळण्याच्या ऊबेलाच औषध समजायचे, अशी रीत पडली आहे. मग गुण येत नाही म्हणून माणूस गोळी मागतो, आणि ती गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देते. नीट प्रमाणात लावलेल्या जेलमधून रक्तात जाणारे डायक्लोफिनॅक गोळीच्या सुमारे ६ टक्के असते. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या गुडघ्याला याचा किती उपयोग होईल, पण तिला वळीचे माप कुणी दाखवत नाही. ट्यूबवर बोटाचे एक चित्र आणि मराठीत दोन ओळी एवढेच हवे आहे. फार्मासिस्टने ट्यूब हातात देताना ते बोटावर दाखवायला अर्धे मिनिट लागते.

जिल्ह्याच्या गरजेतून विषय निघतो म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड इथे भाताच्या रोपलावणीत माणसे दिवसदिवस चिखलात उभी असतात आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मलम लावले तर पहिल्याच वाफ्यात धुऊन जाते. अल्कोहोलमध्ये पॉलिमर आणि टर्बिनाफाइन हे बुरशीवरचे औषध विरघळवून लावायचे, सुकून त्याची पातळ फिल्म व्हावी आणि तिच्यातून औषध वरच्या थरात मुरत राहावे, असे द्रावण जगात आलेले आहे. ते एकदाच लावतात आणि नंतर २४ तास पाय धुवायचे नसतात. रोपलावणीच्या दिवसांत ही अट पाळणे अशक्य. इथे पॉलिमरच्या माणसाला खरे काम आहे. संध्याकाळी लावून सकाळी चिखलात उतरेपर्यंतच्या दहा-बारा तासांत पुरेसे औषध वरच्या थरात मुरेल का, आणि पाण्याला टिकणारी युड्रागिटची फिल्म वापरली तर ती पाय दिवसभर पाण्यात असताना किती तास राहते? भेगा पडल्या असतील तर अल्कोहोल झोंबणार, मग त्याचे प्रमाण किती कमी करता येईल? फिल्म सुकली का हे पाहायला तिच्यावर कापूस हलका दाबून तंतू चिकटतात का बघायचे, आणि टिकाऊपणासाठी कातडीचा तुकडा चिखलाच्या पाण्यात ठेवून तासातासाने उरलेली फिल्म मोजायची. सगळ्या चिखल्या बुरशीच्याच नसतात, काहींत जीवाणू असतात, काहींत नुसती भिजून फुटलेली त्वचा असते, आणि देशात टर्बिनाफाइनला न जुमानणारी बुरशी वाढते आहे. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे लागेल. मधुमेह्याच्या पायाला जखम असेल तर असले काही लावू नये, त्याने सरळ डॉक्टरकडे जावे.

मान्य आहे की पदव्युत्तर प्रकल्प हा बाजारात माल आणण्यासाठी नसतो, मुलाचा हात बसावा म्हणून असतो. दोन वर्षांत, तुटपुंज्या साहित्यात, पेट्री डिश हीच परवडणारी गोष्ट आहे, आणि शोधनिबंध छापून यायचा तर आकडे सुंदर यावे लागतात. यातला पहिला मुद्दा आम्हाला मनापासून पटतो. पण हात बसवायचाच आहे तर तो खऱ्या कामावर बसवावा. चिकट थर ओढायला शिकलेला मुलगा कारखान्यात पहिल्या दिवशी उपयोगी पडतो, ओतलेला पापुद्रा सोलणारा पडत नाही. फिल्म अॅप्लिकेटर एका महाविद्यालयाला जड वाटला तर चार महाविद्यालयांनी मिळून घ्यावा. आणि पट्टी चिकटली नाही, औषध कातडीतून गेले नाही, हा निकालही पदवीला पुरेसा मानण्याची मुभा परीक्षकांनी द्यावी. ती मुभा नसते म्हणूनच मुलाला डायलिसिस मेम्ब्रेनचा आडोसा घ्यावा लागतो.

महाविद्यालयांकडून मागायचे तसेच दवाखान्यांकडूनही मागायचे आहे, कारण काही पट्ट्या आज घरांत आहेत आणि त्यांचे नियम मराठीत कुणी लिहून दिलेले नाहीत. हृदयविकाराने छातीत दुखते त्यावरची नायट्रोग्लिसरीनची पट्टी चोवीस तास ठेवली तर शरीराला तिची सवय होऊन गुण कमी होतो, म्हणून रोज दहा-बारा तास ती काढून ठेवावी लागते. कोणत्या तासांत, ते डॉक्टर सांगतात. स्मृतिभ्रंशावरची रिव्हास्टिग्माइनची नवी पट्टी लावताना जुनी काढायचीच. विसरभोळ्या वृद्धाच्या पाठीवर दोन-तीन पट्ट्या साठल्या की डोस तेवढ्या पटीने वाढतो, आणि हे जीवावर बेतलेले आहे. जागा रोज बदलायची आणि तीच जागा चौदा दिवस पुन्हा घ्यायची नाही. केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, कात्रीने कापायचे, कारण वस्तरा वरचा थर खरवडतो. पट्टी मनाने कापायची नाही. एमआरआयला जाताना पट्टी आहे हे सांगायचे, काहींच्या पाठीला धातूचा थर असतो आणि त्याने भाजते.

कर्करोगाच्या वेदनेसाठी फेंटानिलची पट्टी लावलेला रुग्ण घरी असेल तर दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. एक, तिथे शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, विटेचा शेक नाही, चुलीशेजारी बसणे नाही. उष्णतेने औषध वेगाने सुटते आणि वेगाने शोषले जाते. नुसता ताप ४० अंशांवर गेला तरी रक्तातले प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते. माणूस सुस्त झाला, श्वास मंदावला तर पट्टी लगेच काढून दवाखाना गाठायचा. पट्टी काढली म्हणजे धोका टळला असे समजायचे नाही, कारण त्वचेत साठलेले औषध पुढे कित्येक तास रक्तात येतच राहते आणि प्रमाण निम्म्यावर यायला १७ तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. दुसरे म्हणजे वापरलेली पट्टी. तीन दिवसांनी काढलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध उरलेले असते, आणि फेकलेली पट्टी लहान मुलाने अंगाला लावून किंवा तोंडात घालून मृत्यू झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद ठेवायची. अमेरिकेत अशी पट्टी ताबडतोब शौचालयात सोडायला सांगतात. आपल्याकडचे सांडपाणी शेवटी पंचगंगेकडे जाते, तेव्हा त्याहून बरी सोय करता येईल. ज्या रुग्णालयातून नवीन पट्ट्या मिळतात त्यानेच जुन्या मोजून परत घ्याव्यात आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला पाठवाव्यात. पाच नेल्या तर पाच परत, अशी नोंद ठेवायला एक वही पुरते. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाने ही वही सुरू केली तर खासगी दवाखान्यांना मागे राहता येणार नाही.